औ म्हटलं की द्यायचं

छत्रपती संभाजीनगर
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय सरू,

स. न. वि. वि.

तुझं २ एप्रिल १९९७ चं पत्र पोचलं. उत्तराला जरा उशीर होतोय, त्याबद्दल क्षमस्व. मध्यंतरी थोडी कामं निघाली.

मायना काय लिहावा यातच सकाळचा चहा गार झाला. 'ती. सौ.' लिहावं तर तू माझ्याहून चारच महिन्यांनी मोठी. 'चि. सौ.' लिहावं तर तू आता सासू झालीस असं कळलं, आणि सासवांना चिरंजीव व्हायचा आशीर्वाद लागत नाही, त्या असतातच. म्हणून नुसतं प्रिय. जुनंच आहे, पण धुऊन वाळवून ठेवलेलं होतं.

सासू झाल्याचं राजनंदिनीकडून कळलं. तुमच्या गल्लीतली, पिठाच्या गिरणीवाल्यांची. रोज चितेगावहून बसनं आमच्या कॉलेजात येते आणि मुलींच्या बास्केटबॉल संघात खेळते. मागच्या आठवड्यात सरावाला तिचा सोपा शॉट हुकला, आणि ती स्वतःवरच ओरडली, "अगं बाभळीचे!"

मी पायरीवर बसले होते, ती उठून उभी राहिले. हे दोन शब्द या भूतलावर मी एकाच बाईच्या तोंडून ऐकलेत. पोरीला बोलावून विचारलं, हे कुठं शिकलीस?

"आमच्या गल्लीत सरूकाकू आहेत मॅडम, सोयगावच्या. त्या म्हणतात."

"कुणाला म्हणतात?"

"म्हशीला."

आम्हालाही म्हणायच्या, असं मी सांगितलं नाही. शिक्षकानं काही मर्यादा पाळाव्यात. एका खोलीत राहायचो, एवढंच बोलले आणि पत्ता लिहून घेतला.

पत्ता माहीत नव्हता असं मात्र म्हणता येत नाही. तुझ्या लग्नपत्रिकेवर चितेगाव स्वच्छ छापलेलं होतं. गेल्या अठ्ठावीस वर्षांत पैठणला मी किती वेळा गेले असेन. दर वेळी बस तुमच्या फाट्यावर थांबायची, दोन बाया उतरायच्या, तीन चढायच्या, आणि मी खिडकीतून समोरच्या कंपनीच्या चिमणीकडं बघत बसायची. वीस किलोमीटर. लंका याहून बरीच लांब होती, तरी लोक गेले.

माझं बरं चाललंय. इथंच एका कॉलेजात संस्कृत शिकवते. यंदा विभागात सात विद्यार्थी, त्यातले दोन चुकून आलेले. अण्णा जाऊन आठ वर्षं झाली. नवरा अतुल वीजमंडळात आहे, त्यामुळं आमच्याकडचे दिवे गेले की शेजारी मलाच जाब विचारतात. मुलगा अभय बंगळुरूला. गुडघे कुरकुरतात, चष्मा वाढलाय, आणि उजव्या कानाचं तेच, तुला ठाऊक आहे.

ज्याच्याकडं विद्यार्थी कमी त्याच्याकडं समित्या जास्त, असा महाविद्यालयीन न्याय असतो. त्या न्यायानं क्रीडा समिती माझ्या गळ्यात पडली. मी कधी बॉल हातात धरला होता हे इथं कुणाला माहीत नाही, आणि माझा आकार बघून कुणाला तसा संशयही येत नाही. आमचे खेळाचे शिवराज सर तरुण आहेत, शिट्टी गळ्यात घालूनच जन्मले असावेत. ते परवा म्हणाले, "मॅडम, पाचही पोरी चांगल्या आहेत. पण टीममध्ये केमिस्ट्रीच नाही."

म्हटलं, "सर, केमिस्ट्री दुसऱ्या मजल्यावर. मी व्याकरण शिकवते."

हसले नाहीत. पण म्हणणं खरं होतं. संघात दोघी खऱ्या खेळाडू: एक तुमची राजनंदिनी, दुसरी इथलीच विशाखा. आणि दोघी एकमेकींना पास देत नाहीत. कारण ऐकशील तर पदर तोंडाला लावशील. राजनंदिनीनं मोबाइलवर स्वतःच्या बास्केटचं रील टाकलं, त्याला पुष्कळ बदाम आले. ते बास्केट विशाखाच्या पासवर झालेलं. रीलमध्ये विशाखाचा फक्त हात दिसतो, मनगटापर्यंत. तेव्हापासून बारा दिवस विशाखा म्हणते, "हात कापून टाकलाय मॅडम माझा, आता पास कशानं देऊ?"

मला हसू आलं आणि मग बराच वेळ आलं नाही. आपल्या वेळी रील नव्हती हे किती बरं, असं उगीच वाटून गेलं.

तुझ्या पत्रात जे आहे त्याविषयी पुढं कधीतरी, सवडीनं. पत्र जपून ठेवलंय, कोशात. तुला लगेच उत्तर द्यायची गरज नाही. अठ्ठावीस वर्षं घ्यायचा हक्क तुलाही आहे.

तुझी,
करुणा


छत्रपती संभाजीनगर
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय सरू,

स. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही, म्हणजे तू माझा सल्ला मनावर घेतलास. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. तुमच्याकडं कापूस झोपला, असं राजनंदिनी म्हणाली. तुझ्या म्हशी मात्र खुशीत आहेत, हेही तिनंच सांगितलं. तुझ्याबद्दल मी तिला काही विचारत नाही. ती बसमधून उतरते, मी "कसं काय गावाकडं?" म्हणते, आणि बाकीचं ती सांगते. यात माझा काय दोष.

पोरींना 'औ' शिकवला.

शिकवायचा नव्हता. पण दोघी अशा खेळत होत्या की पास द्यायच्या आधी एकमेकींकडं रागानं बघायच्या, आणि त्यांनी बघितलं की समोरची बचावाची पोरगीही तिकडंच बघायची. मला राहवलं नाही. पदर खोचला आणि कोर्टात उतरले. शिवराज सरांची शिट्टी तोंडातच राहिली.

तुला खोली नंबर अकरा आठवते? मी खाटेवर बसून 'बुद्धः बुद्धौ बुद्धाः' घोकत होते. अख्खं जग संस्कृताला 'रामः रामौ रामाः'पासून सुरुवात करतं. आमच्या अण्णांची अट होती की शिकायचं तर बुद्धापासून. स्वतःचं नाव रामकिसन असून. लासूर स्टेशनला पॉइंट्समन होते, रूळ कुठं बदलायचे ते त्यांना बरोबर कळायचं. "बाबासाहेबांना शिकू दिली नव्हती ना ही भाषा? मग तू शीक," एवढंच त्यांचं कारण, आणि ते मला आजही पुरतं.

तू आरशासमोर वेणी घालत होतीस. म्हणालीस, "मधला कशाला गं लागतोय? एक झाला, लई झाले, खेळ खलास."

"मधला, शेवटी औ असलेला, दोघांसाठी."

"दोघांसाठी येगळा?"

"हो. दोन डोळे, दोन हात, दोन कान, दोन माणसं. द्विवचन म्हणतात."

तू रिबीन दातात धरून विचार केलास. "मराठीत का नाय मंग?"

"मराठीनं टाकून दिलं."

"येडी हाय मराठी."

भाषाशास्त्रावर याहून नेमकं भाष्य मी पुढच्या तीस वर्षांत ऐकलं नाही, आणि मी बरीच चर्चासत्रं केलीत.

दुसऱ्या दिवशी सरावाला मी बॉल घेऊन रिंगकडं घुसले, तिघींनी घेरलं, आणि माझ्या उजव्या खांद्यामागून कुणीतरी हळूच म्हणालं, "औ." मी बघितलं नाही. हात आपोआप मागं गेला. बॉल सुटला, आणि जाळीचा आवाज आला. मग आपण दोघी कोर्टाच्या मध्यभागी खुळ्यासारख्या हसत उभ्या, आणि राजेंद्र सर, आपले प्रशिक्षक, ओरडताहेत, "पाच जणींचा खेळ आहे बायांनो, तुमचं दोघींचं काय चाललंय?"

नियम तूच केलास. औ म्हटलं की बघायचं नाही. औ म्हटलं की विचार करायचा नाही. औ म्हटलं की द्यायचं.

दोन वर्षं कुणाला कळलं नाही. परभणीची ती उंच पोरगी म्हणायची, "ही नवऱ्याला हाक मारायली का काय?" आणि रेक्टर मालनबाईंच्या रजिस्टरात आपण दोघी मिळून एकच सही करायचो, 'आवाम्'. म्हणजे आम्ही दोघी. मालनबाईंना वर्षभर वाटत होतं की आवाम् नावाची एक तिसरी मुलगी अकरा नंबरात राहते आणि ती जेवायला कधीच येत नाही.

तर हे सगळं पोरींना सांगितलं. म्हणजे निम्मं. विशाखानं विचारलं, "मॅडम, मग तुमची दुसरी कोण होती?"

मी राजनंदिनीकडं बघितलं. "हिची सरूकाकू."

"आमची?" राजनंदिनी बॉलवर बसलेली होती, घरंगळून खालीच आली. "सरूकाकू? बास्केटबॉल? मॅडम, घरात साधं टीव्हीवरचं क्रिकेट लावू देत नाहीत त्या! म्हणतात, बंद करा ते, लोकांचे खेळ बघून आपल्याला काय मिळतंय."

सरू, मी हे वाक्य तेव्हापासून रोज एकदा आठवते.

मग ती म्हणाली, "फायनलला काय झालं?"

"हरलो. एका गुणानं."

"कसं काय? औ होता ना?"

"मला ऐकू आलं नाही. या कानानं कमी येतं."

पोरींनी माझ्या कानाकडं आदरानं बघितलं.

कानावरून आठवलं. परवा कॉलेजात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. कानावर ते हेडफोन घालून टीं टीं ऐकवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या. म्हणाल्या, "मॅडम, दोन्ही कान अगदी सारखे आहेत. तुमच्या वयाला उत्तम." मी म्हटलं, उजव्यानं कमी येतं, तीस वर्षं होत आली. त्यांनी परत तपासलं. परत तेच. यंत्र जुनं असणार. आरोग्य शिबिरांना कोण नवीन यंत्रं देतं?

मी मात्र वर्गात अजून डावा कान पुढं करूनच प्रश्न ऐकते. मुलांना वाटतं, मी विचारात आहे.

तुझी,
करुणा


छत्रपती संभाजीनगर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

सरू,

आज मायना नाही. राग मानू नकोस.

तुझं पत्र आणि बाटली दोन्ही राजनंदिनीनं बुधवारी आणून दिली. पत्र कॉलेजात उघडायचं नाही असं ठरवलं होतं, जिन्यातच उघडलं. अक्षर अजून तसंच, प्रत्येक ओळ उजवीकडं चढत जाणारी, जणू कागदाला चढण आहे. "म्हशी तीन, सून एक, नवरा पण एकच. गुडघे दोन्ही गेले, मंजे तुझ्या भाषेत तेच्यासाठी बी येगळा शब्द असंल." आहे, सरू. जानुनी. जिन्यात उभी राहून मी मोठ्यानं हसले आणि वरून येणारे गणिताचे सर भिंतीला चिकटून गेले.

आणि मग खालची ओळ. "यंत्राचं काय खरं धरती? मिशिनी खोट्या असत्यात. तू म्हणती कमी येतंय तर कमीच येत असंल. लसणाचं तेल केलंय, कोमट करून दोन थेंब घाल उजव्या कानात. अंगावर काढू नको, करुणे."

तू यंत्रापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवलास.

मी दोन दिवस ती बाटली टेबलावर ठेवून तिच्याकडं बघत होते. अतुलनं विचारलं, हे काय? म्हटलं, औषध. कशावर? म्हटलं, बघू.

गुरुवारी आमचा उपांत्य सामना होता. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणानं मागं. कोर्टाभोवती सातआठशे पोरं, ढोल आणलेला, पत्र्याच्या शेडवर कुणीतरी काठ्या बडवतंय. विशाखा बॉल घेऊन आत घुसली. तिघींनी घेरलं. मी पलीकडच्या पायऱ्यांवर होते, मध्ये अर्धं कोर्ट. आणि त्या सगळ्या कल्लोळात मला स्वच्छ ऐकू आलं, "औ." उजव्या कानानं, सरू. मी बसलेच तशी होते.

विशाखानं बघितलं नाही. हात मागं गेला. राजनंदिनी तिथं होती. जिंकलो.

नंतर विशाखा पाणी पीत होती, तिला म्हटलं, "चला, मिटलं एकदाचं तुमचं."

"कुठं मॅडम! मी अजून बोलत नाय तिच्याशी. रील कुठं काढून टाकलंय तिनं?"

"मग पास कसा दिलास?"

तिनं बाटली तोंडापासून बाजूला केली आणि मी काहीतरी मूर्खपणाचं विचारल्यासारखं माझ्याकडं बघितलं. "औ म्हटली ना ती. औ म्हटलं की द्यायचं, तुम्हीच तर शिकवलं. त्याचा अन् भांडणाचा काय संबंध?"

काही नाही. काहीच संबंध नाही. ती बोलत नव्हती आणि तिनं दिला. मी तर तुझ्याशी बोलत होते. सकाळी एका ताटातले पोहे खाल्ले होते आपण.

सरू, मला ऐकू आलं होतं.

२१ नोव्हेंबर १९९६. शेवटचे आठ सेकंद, एकेचाळीस-बेचाळीस. सगळं तुला माहीत आहे, फक्त एवढंच नाही. सकाळी राजेंद्र सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की विद्यापीठाच्या संघात एकच जागा उरलीय आणि निवड समिती आपल्या दोघींकडं बघतेय. त्याच्या आधी, नळावर तोंड धुताना तू मला सांगितलं होतंस, "नानासाहेब म्हणलेत, टीममधी नाव आलं तर एम. ए. कर. नाय आलं तर उन्हाळ्यात तारीख धरतो." वडिलांना तू नानासाहेबच म्हणायचीस, सगळ्या गावासारखं. दोन्ही मला ठाऊक होतं. दोन्ही ठाऊक असलेली मी एकटीच होते.

मी घुसले, तिघींनी घेरलं, तू म्हणालीस. नेहमीच्याच आवाजात. ना हळू ना मोठ्यानं. माझा हात निघालासुद्धा, सरू, तो बिचारा प्रामाणिक होता. मी त्याला परत आणलं. बघितलं, विचार केला, आणि स्वतः शॉट घेतला. तुझे तिन्ही नियम आठ सेकंदांत मोडले. बॉल रिंगवर बसला, एक गोल चक्कर मारली, आणि बाहेर पडला. ती चक्कर मी अजून बघते.

माझ्याजवळ कारणं भरपूर आहेत आणि सगळी पदवीधर आहेत. खेळाडूंना नोकरीत जागा राखीव असायच्या. अण्णांनी त्यावर किती आशा लावली होती. आमच्या घरातली मी पहिली. त्यातलं एकही खोटं नाही. पण त्या क्षणी त्यातलं एकही डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की यावेळी मी. अण्णांना यात ओढणं बरं नाही. त्यांनी रूळ बदलले ते गाडी धडकू नये म्हणून.

आणि निवड कुणाची झाली? परभणीच्या त्या उंच पोरीची.

तरीही मी तेव्हा सांगू शकले असते. कपडे बदलायच्या खोलीत तू विचारलंस, "करुणे, म्हटलं होतं ना मी?" आरोप नव्हता त्यात. तू खरंच विचारत होतीस, स्वतःवरच शंका आल्यासारखी. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला ऐकूच आलं नाही. त्या कानानं मला जरा कमीच येतं."

तू माझं डोकं धरून उजेडाकडं वळवलंस, कानात बघितलंस आणि म्हणालीस, "आधी सांगायचं नाय का, बाभळीचे."

त्या दिवसापासून तू माझ्या डाव्या बाजूनं चालायला लागलीस. मेसला जाताना, लायब्ररीत, गुलमंडीवर बांगड्या घ्यायला गेलो तेव्हा गर्दीतून वळसा घालून परत डावीकडं. चार महिने. तू उजवीकडं असायचीस ती जागा रिकामी, आणि मला तिथून वारं लागायचं. ती तुझी माया होती, की तुला सगळं कळलं होतं आणि ती माझी शिक्षा होती, हे मला अजून कळलेलं नाही. आज विचारते. उत्तर काहीही असलं तरी मला ते तुझ्याच तोंडून पाहिजे.

मग परीक्षा, मग पत्रिका, आणि तिच्यासोबत तुझं ते पत्र. त्यात तू एकच गोष्ट लिहिली होतीस, ती मी पहिल्या पत्रात गाळली, दुसऱ्यात गाळली. आता तुझ्याच अक्षरात उतरवते, कोश समोर उघडा आहे: "करुणे, हरलो ते माझ्यामुळं. मी औ हळू म्हटलं असंल. तू मनाला लावून घिऊ नको. लग्नाला ये, तुझ्या डाव्या बाजूला मी बसंन."

मी आले नाही. तुला डाव्या बाजूला घेऊन बसायची हिंमत झाली नाही.

तू हळू म्हटलं नव्हतंस. हे तुला कुणीतरी अठ्ठावीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, आणि सांगू शकणारी व्यक्ती जगात एकच होती. तुझं काहीही चुकलं नव्हतं. टीव्हीवर खेळ लागला की तू बंद करायला लावतेस, त्यात माझा वाटा केवढा ते तूच ठरव. मी तुला पास दिला असता तर तू बास्केट केलंच असतंस, तुझी निवड झालीच असती, नानासाहेबांनी शब्द पाळलाच असता, असं काही मी म्हणत नाही. संस्कृतात यासाठी एक स्वतंत्र लकार आहे, लृङ्. झालं असतं तर झालं असतं, आणि दोन्ही झालं नाही, एवढंच सांगणारा. विद्यार्थी म्हणतात, मॅडम, हा परीक्षेला येत नाही, सोडून द्या. मी शिकवते.

तुझा संसार वाया गेला असं मला म्हणायचं नाही, ते म्हणणारी मी कोण? तीन म्हशी, एक सून, एकच नवरा. ठीकच चाललेलं दिसतंय. पण तुला एक दार होतं आणि ते उघडतं की नाही हे बघायची पाळी तुझी होती. ती मी घेतली.

क्षमा मागायला हे पत्र लिहीत नाही. मागितली की तू देऊन टाकशील, तुझी ती खोडच आहे, आणि मग मला परत काही सांगायला जागा राहणार नाही. तेल परत पाठवत नाही. कानात घालणारही नाही. त्याला ते लागत नाही. कपाटात ठेवलंय, तुझ्या पत्राशेजारी.

अंतिम सामना येत्या गुरुवारी, १६ तारखेला, संध्याकाळी चार वाजता, आमच्याच कोर्टावर. राजनंदिनी सकाळच्या बसनं येते. दुपारची दोनची बसही आहे, ते पण तिनंच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर तुला फराळाची कामं असतील. सुनेला सांग, चकल्या एक दिवस तिच्या हातच्या होऊ देत. गुडघ्यांसाठी पायऱ्यांना कठडा आहे.

मी तिसऱ्या पायरीवर बसते. उजवी बाजू मोकळी ठेवीन. आलीस तर त्या बाजूनं ये. मी वळून बघणार नाही, तो नियम आहे. जे म्हणायचं असेल ते म्हण, शिवी असली तरी चालेल, बाभळीची असली तर उत्तम. आणि मोठ्यानं म्हणायची गरज नाही.

सहीचं राहिलं. मालनबाईंच्या रजिस्टरात आपण करायचो ती सही आज लिहून बघितली, चार वेळा. एका बाईला तो शब्द लिहिताच येत नाही, व्याकरण आडवं येतं. म्हणून तूर्त एकवचनी,

करुणा
(दोन्ही कान शाबूत)